भविष्यकथेचे अपहरण आणि समाजवाद्यांचे मौन

विज्ञानकथेचा जन्म कधी झाला, ह्या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर देण्याची प्रथा पडली आहे. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कमध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले आणि त्या मुहूर्तावर ह्या वाङ्मयप्रकाराचे बारसे झाले, असे ते उत्तर आहे. त्यापूर्वी पुस्तकांतून आणि नियतकालिकांतून भविष्याविषयी जे विपुल कल्पित लेखन झाले, ते सारे ह्या बारशाची पूर्वतयारी म्हणून एका परिच्छेदात गुंडाळण्यात येते. हा गर्न्सबॅक कोण होता? लक्झेंबर्गमधून १९०४ साली अमेरिकेत आलेला आणि बिनतारी यंत्रांचे सुटे भाग टपालाने विकणारा व्यापारी. त्याचे पहिले मासिक त्याच्या मालाच्या यादीतूनच वाढले. यंत्राचे कुतूहल असलेले गिऱ्हाईक हाच त्याचा वाचक आणि वाचक हेच त्याचे गिऱ्हाईक. 'अमेझिंग स्टोरीज'च्या पहिल्या अंकात त्याने छापल्या त्या ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स आणि एडगर अ‍ॅलन पो ह्यांच्या जुन्याच कथा. म्हणजे ज्या बाळाचे बारसे करायचे, त्याला केव्हाच मिसरूड फुटले होते! तरीही पाटीवर नाव लागले ते दुकानदाराचे.

ही केवळ वाङ्मयेतिहासातील तारखेची चूक असती तर पक्षाच्या साप्ताहिकाने तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु तारखेबरोबर विषयही बदलण्यात आला. १९२६ पासून पुढे पाहणाऱ्याला भविष्यकथा म्हणजे यंत्राची कथा वाटते: अग्निबाण, प्राणघातक किरण, परग्रहावरचे राक्षस. त्यापूर्वीच्या चाळीस वर्षांत डोकावणाऱ्याला मात्र निराळे दृश्य दिसते. तेथे यंत्रे आहेत, पण मुख्य प्रश्न मालकीचा आहे. गिरणी कोणाची? काम कोणी करायचे आणि किती तास? न करणाऱ्याचे काय करायचे? घाण कोणी उपसायची, स्वयंपाक कोणी करायचा, आणि ज्यांचा देश दुसऱ्याने बळकावला आहे त्यांनी कोणते भविष्य पाहायचे? ह्या प्रश्नांवर वाद झाले ते एक पेनी किमतीच्या पक्षपत्रांतून, नागरिकांच्या मंडळांतून, आणि एकदा तर मद्रासच्या स्त्रियांच्या मासिकातून. ही सारी मिळकत यंत्रविक्याच्या पदरात पडली आणि समाजवाद्यांनी ती परत मागितली नाही.

परत न मागण्याचे कारण चळवळीच्या तोंडी बसलेल्या एका शब्दात आहे. 'युटोपिया' हा शब्द डाव्या वर्तुळात शिवी म्हणून वापरला जातो. मराठीत त्याचे 'स्वप्नरंजन' करून शिवीला आणखी धार आणण्यात आली. एखाद्या कार्यकर्त्याने अभ्यासवर्गात विचारावे, सत्ता आली, कारखाने समाजाच्या मालकीचे झाले, मग दुसऱ्या दिवशी सकाळी काय? वक्ता स्मित करतो आणि एंगल्सच्या १८८० सालच्या पुस्तिकेचे नाव घेतो. शास्त्रीय समाजवाद भविष्याची चित्रे काढीत बसत नाही, असे उत्तर मिळते आणि विचारणारा ओशाळून खाली बसतो. त्याच पुस्तिकेत एंगल्सने सेंट-सायमन, फूरिये आणि ओवेन ह्यांच्याविषयी किती आदराने लिहिले आहे, हे वक्त्याला बहुधा ठाऊक नसते. भविष्यकाळाचा पक्का आराखडा लिहून देण्यास मार्क्सने नकार दिला हे खरे. पण १८७१ साली पॅरिसच्या कम्यूनने प्रतिनिधीला परत बोलावण्याचा अधिकार मतदारांना दिला, लोकसेवकाचे वेतन कामगाराच्या मजुरीइतके ठरविले, हे सारे त्याने किती बारकाईने टिपून ठेवले! उद्याच्या तपशिलाचे त्याला वावडे असते तर हे श्रम त्याने घेतले नसते.

चळवळ ज्या जागी बोलत नाही तेथे दुसरा कोणी बोलतो. हे कसे घडते, ते बेलमी आणि मॉरिस ह्यांच्या वादात स्वच्छ दिसते.

एडवर्ड बेलमी हा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या गिरणगावात वाढलेला पत्रकार. त्याची 'लुकिंग बॅकवर्ड' ही कादंबरी १८८८ च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये प्रसिद्ध झाली. कादंबरीचा नायक ज्युलियन वेस्ट हा बॉस्टनचा ऐतखाऊ तरुण. त्याचे लग्न लांबते, कारण त्याचे नवे घर बांधणारे कामगार वारंवार संप करतात. आणि संपकऱ्यांवर दात खातच तो १८८७ मध्ये संमोहनाच्या साह्याने झोपी जातो. जागा होतो तो २००० साली. तोवर बॉस्टनमध्ये गरिबी उरलेली नाही, पैसा उरलेला नाही. सर्व उत्पादन राष्ट्राच्या हाती आहे, प्रत्येक नागरिकाच्या नावे वर्षाला समान रक्कम जमा होते, आणि ती एका पुठ्ठ्याच्या कार्डावर खर्ची पडते. त्या कार्डाला बेलमीने दिलेले 'क्रेडिट कार्ड' हे नाव पुढे बँकांनी उचलले. त्यामागची समान वाटणी मात्र त्यांनी सोयिस्करपणे वगळली. हॉटेलांची, सावकारांची आणि वसुली दलालांची भरभराट करणारे आजचे कार्ड पाहून बेलमीला हसावे की रडावे ते कळले नसते.

पुस्तकाच्या प्रती लाखांनी खपल्या. बेलमीच्या विचारांचा प्रसार करण्यासाठी १८८८ च्या अखेरीपासून अमेरिकेत 'नॅशनॅलिस्ट क्लब' निघाले आणि थोड्याच वर्षांत त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. १९३५ साली, मागील पन्नास वर्षांतील सर्वांत प्रभावी ग्रंथ कोणते असे विचारले असता जॉन ड्यूई ह्यांनी मार्क्सच्या 'कॅपिटल'नंतर दुसरे स्थान ह्या कादंबरीला दिले. हे ड्यूई म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू. स्वप्नरंजनाने चळवळ उभी राहत नाही असे म्हणणाऱ्यांनी ह्या घटनेचा अर्थ एकदा लावून दाखवावा.

परंतु बेलमीच्या ह्या स्वर्गाला कुंपण होते. त्याच्या २००० सालात प्रत्येक नागरिक २१ ते ४५ ह्या वयात 'औद्योगिक सेने'त भरती होतो. सेना हा शब्द अलंकारिक नाही. तेथे हुद्दे आहेत, शिस्त आहे, वरून खाली येणारे हुकूम आहेत. काम करण्याची शक्ती असून जो सतत नकार देईल त्याला पाव आणि पाण्यावर एकांत कोठडीत ठेवण्यात येते. राष्ट्राध्यक्षाची निवड करतात ते सेनेतून निवृत्त झालेले. जे प्रत्यक्ष राबत आहेत त्यांना तो अधिकार नाही, कारण त्यामुळे म्हणे शिस्त बिघडेल. मग ही व्यवस्था आली कशी? लढ्याने नव्हे. मक्तेदार कंपन्या एकमेकींना गिळीत गेल्या आणि शेवटी सर्वांना गिळणारी एकच कंपनी उरली. तिचे नाव राष्ट्र. लाल झेंडेवाल्यांनी ह्या कामी काय केले, असे नायक विचारतो तेव्हा बेलमीचा डॉक्टर लीट सांगतो की, त्यांनी फक्त अडथळा आणला आणि त्याबद्दल भांडवलदार त्यांना आतून पैसे पुरवीत होते! शिकागोच्या हेमार्केट प्रकरणात १८८७ साली चार कामगार पुढाऱ्यांना फासावर चढविण्यात आले, त्यानंतर अवघ्या दोन-तीन महिन्यांत हे वाक्य छापून आले. कामगारांना सर्व काही देण्यास तयार असलेला हा सज्जन त्यांच्या लढ्याचे श्रेय तेवढे देत नाही. असे हितचिंतक आजही पुष्कळ आहेत.

विल्यम मॉरिसने हे पुस्तक वाचले आणि तो अस्वस्थ झाला. मॉरिस हा नामांकित कवी आणि कारागीर. विणकाम, रंगकाम, छपाई स्वतःच्या हाताने करणारा. सोशालिस्ट लीग ह्या संघटनेचे 'कॉमनवील' हे पत्र तो १८८५ पासून चालवीत होता. संपादन त्याचे आणि तूटही भरून काढायची त्यानेच. ह्याच पत्रात जून १८८९ मध्ये त्याने बेलमीचे परीक्षण लिहिले. त्याची भीती अशी होती की, लोक हे पुस्तक समाजवादाचा धर्मग्रंथ समजून वाचतील. ज्यांना ते आवडेल ते चुकांसकट स्वीकारतील, आणि ज्यांना आवडणार नाही ते त्यालाच समाजवाद समजून समाजवादाकडे पाठ फिरवतील. मॉरिसचा मुख्य आक्षेप श्रमाविषयी होता. बेलमीला काम ही एक पीडा वाटते. म्हणून तो ती पंचेचाळिसाव्या वर्षी संपवितो आणि उरलेले आयुष्य आरामासाठी राखून ठेवतो. मॉरिसचे म्हणणे असे की, भांडवलशाहीने कामातला आनंद हिरावून घेतला म्हणून काम पीडा झाले. तो आनंद परत मिळविणे हेच समाजवादाचे काम आहे. आणि आपल्या जीवनाच्या व्यवहाराची जबाबदारी माणसाला राज्यसंस्थेच्या गळ्यात टाकून मोकळे होता येणार नाही.

एवढ्यावर मॉरिस थांबला असता तर तो आणखी एक परीक्षक ठरला असता. ११ जानेवारी १८९० पासून 'कॉमनवील'च्या पानांवर त्याने स्वतःची भविष्यकथा क्रमशः सुरू केली आणि ती ऑक्टोबरपर्यंत चालली. 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' ती हीच. संपाच्या बातम्या, सभांची पत्रके आणि वर्गणीचे आवाहन ह्यांच्या शेजारी, दर आठवड्याला, भविष्यातल्या टेम्स नदीवरचा एक प्रवास. हे चालू असतानाच त्या वर्षीच्या मे महिन्यात लीगच्या परिषदेत अराज्यवादी गटाने मॉरिसला संपादकपदावरून दूर केले. तरी कथा थांबली नाही. नोव्हेंबरमध्ये तो संघटनेतून बाहेर पडला, पण त्याआधी शेवटचे प्रकरण छापून झाले होते. आपल्या गटबाजीने जेरीस आलेल्या संघटनेच्या पत्रात मुक्त समाजाचे चित्र लिहीत राहणे, ह्यात किती कडवट विनोद आणि किती निष्ठा आहे, हे पक्षकार्य केलेल्यांना निराळे सांगावे लागणार नाही.

त्या कथेतील पाहुणा हॅमरस्मिथला जागा होतो आणि नावाड्याला भाडे देऊ लागतो. नावाडी गोंधळतो, नाव चालविणे हे त्याचे आवडते काम आहे, त्याबद्दल नाणी घेऊन करायचे काय? पार्लमेंटच्या इमारतीत आता शेणखत साठविले जाते. (ह्या एका तपशिलासाठी तरी हे पुस्तक प्रत्येक संसदसदस्याने वाचावयास हरकत नसावी.) अवघड आणि कंटाळवाणी कामे सुधारलेली यंत्रे करतात, आनंदाची कामे माणसे हाताने करतात. मॉरिस यंत्राचा शत्रू होता हा प्रवाद म्हणूनच खोटा आहे. यंत्र कोणत्या कामाला लावायचे हे मालकाने नव्हे, काम करणाऱ्याने ठरवावे, एवढेच तो म्हणत होता. १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तेव्हा त्यांना मागासलेले ठरविणारे विद्वान इकडेही निघालेच होते.

आणि हा समाज आपोआप येत नाही. क्रांती कशी घडली हे सांगणारे कादंबरीतील प्रकरण सर्वांत दीर्घ प्रकरणांपैकी आहे. ट्रफाल्गर चौकात निःशस्त्र जमावावर गोळीबार होतो, पुढारी पकडले जातात, सार्वत्रिक संप होतो, दोन वर्षे यादवी चालते. हे मॉरिसने कल्पनेने रचले नव्हते. १३ नोव्हेंबर १८८७ रोजी त्याच चौकाकडे निघालेल्या मोर्चात तो स्वतः होता आणि पोलिसांनी व सैनिकांनी तो मोर्चा कसा मोडून काढला हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. 'ब्लडी संडे' ह्या नावाने तो दिवस ओळखला जातो. बेलमीचा नायक झोपेत क्रांती ओलांडतो. मॉरिस वाचकाला तिच्यातून चालवतो. दोन भविष्यकथांतला खरा भेद हा आहे.

विसाव्या शतकात समाजवादाच्या नावाने जे उभारण्यात आले त्याचा मोठा भाग कोणत्या पुस्तकाशी जुळणारा निघाला? सर्व भांडवल एका राज्यसंस्थेच्या हाती, कामगारांची सेनेसारखी रचना, राबणाऱ्याला मत नाही आणि निवृत्त वडीलधाऱ्यांच्या हाती अंतिम निर्णय: बेलमीचे हे तपशील मॉस्कोत कोणी त्याच्या पुस्तकातून उतरवून घेतले असे नव्हे. परंतु मॉरिसने १८८९ मध्ये विचारलेले प्रश्न चळवळीने पोरकट म्हणून बाजूला सारले नसते, तर तिला ह्या धोक्याची चाहूल लवकर लागली असती. जुना बोल्शेविक आणि पेशाने जहाजबांधणीचा अभियंता असलेल्या येवगेनी झाम्यातिनने १९२०-२१ मध्ये 'वी' ही कादंबरी लिहून ती चाहूल दिली. तिच्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. सोव्हिएत संघात ती १९८८ पर्यंत छापली गेली नाही. भविष्यकथा निरुपद्रवी करमणूक असती तर तिला सदुसष्ट वर्षे कोंडून ठेवण्याचे प्रयोजन काय होते?

मॉरिसच्या कथेत एक माणूस आहे, त्याची भारतीय वाचकाने विशेष दखल घ्यावी. पाहुणा न्याहारीला बसला असताना भरजरी पोशाख केलेला एक देखणा गृहस्थ आत येतो. पाहुण्याला तो कोणी सरदार वाटतो. तो निघतो कचरा वाहणारा. त्याला भपक्याची हौस आहे आणि कथालेखनाचीही. लोक त्याची प्रेमाने थट्टा करतात, पण त्याचे काम सांगताना कोणाच्या आवाजात फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये १८९० साली हा एक गमतीचा प्रसंग म्हणून वाचला गेला असेल. जेथे कचरा आणि मैला जन्मावरून वाटला जातो तेथे तो गमतीचा राहत नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध ह्या देशात १९९३ मध्ये कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा झाला. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण गर्न्सबॅकच्या व्याख्येने पाहिले तर चंद्रावरचे यान हेच भविष्य ठरते. मॉरिसच्या व्याख्येने पाहिले तर गटारात माणूस उतरत नाही तो दिवस. मराठीत भविष्यकथा कोणत्या व्याख्येने लिहिली गेली? मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने आली आणि पहिली ठरली, तेव्हापासून विज्ञानकथेला येथे प्रतिष्ठा मिळाली. परंतु ती मिळाली विज्ञानप्रसाराचे साधन म्हणून. विज्ञानप्रसार आवश्यक आहे, ह्याबद्दल वाद नाही. मात्र दुसरी वाट येथे फारशी चालली गेली नाही, आणि त्याचा दोष शास्त्रज्ञांकडे जात नाही. त्यांनी त्यांचे काम केले. ज्यांनी मॉरिसची वाट चालायची ते पुरोगामी लेखक वास्तववादाच्या सोवळ्यात बसून राहिले.

मॉरिसची पूजा बांधण्याचेही कारण नाही. त्याच्या मुक्त समाजात अतिथिगृहात पुरुष जेवायला बसतात आणि स्त्रिया हसतमुखाने वाढतात. घर चालविण्यात स्त्रीला स्वाभाविक आनंद असतो, असे समर्थनही एका म्हाताऱ्याच्या तोंडी घातले आहे. बेलमी ह्या बाबतीत पुढे होता. त्याच्या बॉस्टनमध्ये सार्वजनिक भोजनगृहे आणि धुलाईगृहे आहेत, चूल घरातून गेली आहे. तरीही तेथे स्त्रियांची सेना निराळी आणि पुरुषांच्या सेनेहून दुय्यमच. उरल्या वसाहती. बेलमीचा डॉक्टर लीट एका वाक्यात सांगून टाकतो की, प्रगत राष्ट्रांचा संघ मागासलेल्या जमातींना हळूहळू सुसंस्कृत करीत आहे. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरही साम्राज्य शाळामास्तराच्या वेषात चालूच!

ज्यांना अशा प्रकारे शाळेत बसविण्यात आले होते त्यांनी तोवर स्वतःचे भविष्य लिहावयास सुरुवात केलेली होती. मेकॉलेचे शिक्षणविषयक टिपण १८३५ च्या फेब्रुवारीतले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील कैलासचंद्र दत्त ह्या विद्यार्थ्याने एका इंग्रजी नियतकालिकात १९४५ सालच्या अठ्ठेचाळीस तासांची हकीकत प्रसिद्ध केली. तिचा विषय इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव. उठाव फसतो, त्याचा तरुण नेता मारला जातो. पण कारकून तयार करण्यासाठी शिकविलेल्या भाषेत एका विद्यार्थ्याने बंड लिहिले, आणि तेही १८५७ च्या बावीस वर्षे आधी. दहा वर्षांनी शशीचंद्र दत्त ह्यांनी 'रिपब्लिक ऑफ ओरिसा' लिहिली. तिच्यात १९१६ साली गुलामगिरीचा कायदा लादला जातो आणि त्याविरुद्धचा उठाव आदिवासी करतात. ह्या दोन्ही कथांत एकही यंत्र महत्त्वाचे नाही. म्हणूनच गर्न्सबॅकच्या वंशावळीत त्यांना जागा नाही. वेल्सला तेथे मानाची जागा आहे; पण १८९७ साली मासिकातून येऊ लागलेल्या 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'च्या पहिल्याच प्रकरणात, मंगळवासीयांना क्रूर म्हणण्यापूर्वी टास्मानियाच्या रहिवाशांचे युरोपियनांनी काय केले ते आठवा, असे त्याने बजावले आहे, हे सांगायला वंशावळकार विसरतात. त्यांना तिपाई यंत्रे तेवढी आठवतात.

मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये १९०५ साली रुकैया सखावत हुसेन ह्या पंचवीस वर्षांच्या बंगाली मुस्लिम स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली 'सुलतानाज ड्रीम' ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्या नारीराज्यात पुरुष 'मर्दान्या'त कोंडलेले आहेत. ते स्वयंपाक करतात आणि मुले सांभाळतात. स्त्रियांच्या एका विद्यापीठाने ढगांतून पाणी ओढून घेण्याची युक्ती काढली, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठविण्याची. त्या उष्णतेवर चूल पेटते, धूर होत नाही. आणि वेळ पडली तेव्हा त्याच उष्णतेने चाल करून आलेले सैन्य परतवून लावले. पुरुष ज्या काळात शस्त्रे वाढवीत होते त्या काळात स्त्रिया प्रयोगशाळेत होत्या, आणि पुरुष त्यांच्या संशोधनाला भावनेच्या भरातला खुळा खेळ म्हणून हसत होते. ह्या राज्यात कामाचा दिवस दोन तासांचा आहे. कारण पुरुष कचेरीत सात तास बसत त्यातले सहा चिरूट ओढण्यात घालवीत, असा लेखिकेचा हिशेब. कचेऱ्यांची चव घेतलेल्या कोणाही माणसाला हा हिशेब अतिशयोक्तीचा वाटणार नाही. कथेच्या शेवटी राणी आहे, वर्गभेदाचा उलगडा नाही, ही तिची मर्यादा. तथापि पडद्याचा अन्याय शंभर प्रबंधांनी जो पटला नसता तो रुकैयाने पडदा उलटा फिरवून दाखविला. आणि तिने स्वप्न पाहून सोडून दिले नाही. १९११ मध्ये तिने कलकत्त्यात मुलींची शाळा चालू केली आणि घरोघर जाऊन मुली मागितल्या.

भुकेल्या माणसाला कथा नकोत, भाकरी हवी, असा युक्तिवाद येथे होईल. तो नेहमी पोटभर जेवलेल्याकडूनच होतो हा अनुभव आहे. 'कॉमनवील'चे वाचक एक पेनी खर्च करण्यापूर्वी विचार करणारे होते. त्यांना दर आठवड्याला टेम्सवरचा प्रवास वाचावासा वाटला, कारण आठ तासांचा दिवस मागताना उरलेल्या सोळा तासांत माणूस काय होऊ शकतो, हे त्यांना कोणी तरी सांगत होते. दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे: भविष्याचे चित्र एकदा काढले की त्याच्या चौकटीत माणसे बळेच बसविली जातात. हा धोका खरा आहे, आणि मॉरिसने बेलमीविरुद्ध तोच मांडला. पण त्याने उपाय म्हणून मौन सुचविले नाही. दुसरे चित्र काढले, ते त्याच पक्षपत्रात छापले, आणि वाद वाचकांसमोर ठेवला.

मंगळावर वसाहत करण्याच्या घोषणा आज अमेरिकेतील धनाढ्य कंपनीमालक करतात. त्यांना कोणी स्वप्नरंजन म्हणत नाही. त्या स्वप्नांवर भागभांडवल उभे राहते. त्या वसाहतीत हवेचे देयक कोणाच्या नावे निघेल, कामगाराला संप करता येईल काय, पृथ्वीवर परतण्याचे भाडे कोण भरील, ह्याविषयी एक अक्षर नाही. अलेक्झांडर बोगदानोव्ह ह्या रशियन क्रांतिकारकाची 'रेड स्टार' ही कादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या मंगळावर कारखान्यात फलक लावलेले असतात. कोणत्या धंद्यात किती तासांचे श्रम कमी पडत आहेत आणि कोठे जास्त झाले आहेत ते फलक पाहून माणसे आपले काम स्वतः निवडतात. त्या मंगळावरही साधनसामग्री अपुरी पडू लागते, आणि पृथ्वी बळकावून तिच्यावरच्या माणसांचा नायनाट करावा काय, ह्यावर सभा भरते. एक शास्त्रज्ञ आकडेवारी देऊन तसा प्रस्ताव मांडतो. त्याला विरोध करण्यासाठी नेत्ती नावाची स्त्री उभी राहते, आणि त्या समाजवादी मंगळवासीयांना आपले समाजवादी असणे म्हणजे नेमके काय, ह्याचा प्रथमच निर्णय करावा लागतो.